राखेचा कण आणि गंधकाचा धूर

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा नर्मदापार गेल्या आणि माळव्याच्या पठारावर पवारांच्या गाद्या स्थिर झाल्या. धारला एक आणि देवासला थोरल्या व धाकट्या पातीच्या मिळून दोन. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी क्षयाने पोखरलेले फुफ्फुस घेऊन बेळगावकडचा एक तरुण गवई देवासला राहावयास आला. कोरडी, निर्मळ हवा हाच त्या काळी अशा रुग्णांचा मोठा आधार मानला जाई. कुमार गंधर्वांनी त्या हवेत वर्षानुवर्षे अंथरुणावर काढली, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले असताना पुन्हा गाण्यास आरंभ केला, आणि १९९२ साली देवासलाच देह ठेवीपर्यंत महाराष्ट्राला आपल्या गायनाने समृद्ध केले. देवासची हवा ही एका काळी औषधाप्रमाणे सांगितली जाणारी वस्तू होती, एवढे या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

आज चित्र बरेच पालटले आहे. देवासभोवती कारखान्यांची वसाहत उभी आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर हे तर मध्य भारतातील एक अग्रगण्य औद्योगिक केंद्र झाले आहे. देवास जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर नर्मदा आहे. तिच्या पलीकडे खंडवा जिल्ह्यात डोंगलिया येथे संत सिंगाजींच्या नावाचे २,५२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि खरगोन जिल्ह्यात सेल्दा येथे १,३२० मेगावॉटचे दुसरे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये हवाशुद्धीचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा ज्या शहरांची हवा विहित मर्यादेत नाही अशा शहरांच्या यादीत देवासचे नाव आले. ते आले धुळीमुळे. गंधकाच्या वायूमुळे नव्हे. त्या धुळीत रस्त्यांची माती आहे, मोटारींचा धूर आहे, शेतात जाळलेल्या काडीकचऱ्याची काजळी आहे आणि भट्ट्यांची राखही आहे. परंतु धूळ वेगळी आणि गंधकाचा वायू वेगळा, अशी जी वाटणी सरकारी तक्त्यांत केलेली असते, ती निसर्गाला मान्य आहे काय? कोळशाच्या राखेचा सूक्ष्म कण आणि कोळशातील गंधक यांचे नाते पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

एका टनाचा हिशेब

भारतात वीजकेंद्रांत जळणारा बहुतेक कोळसा गोंडवाना खडकांतला आहे. वर्धेचे खोरे, कोरबा, सिंगरौली येथला कोळसा याच जातीचा. त्यात राख फार आणि गंधक थोडे. आसामच्या कोळशात गंधकाचे प्रमाण शेकडा दोन-तीन किंवा त्याहूनही अधिक असते. गोंडवाना कोळशात ते बहुधा शेकडा अर्ध्याच्या आसपास असते. राख मात्र शेकडा ३० ते ४५ पर्यंत जाते.

असा एक टन कोळसा जाळला असे समजू. शेकडा अर्धा या प्रमाणाने त्यात पाच किलो गंधक आहे. गंधकाच्या एका अणूला प्राणवायूचे दोन अणू चिकटले की सल्फर डायॉक्साइड हा वायू होतो आणि वजन दुप्पट होते. म्हणजे हा गंधकवायू सुमारे दहा किलो. राख साधारणतः पावणेचारशे किलो. कोळशाची पूड करून जाळणाऱ्या भट्टीत यांपैकी सुमारे पंचाहत्तर किलो जड राख तळाशी बसते आणि तीनशे किलो धुराबरोबर उडू लागते.

ही उडती राख धुराड्यापर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत स्थिर विजेचा सापळा लावलेला असतो. त्यातील तारांवरून कणांना विद्युत्‌भार मिळतो आणि ते विरुद्ध भाराच्या पत्र्यांकडे ओढले जातात. पत्रे ठोकले की राख खालच्या टाकीत पडते. चांगला सापळा हजार भागांपैकी ९९९ भाग राख धरतो. म्हणजे तीनशे किलोंपैकी तीनशे ग्रॅम राख बाहेर पडते. पाहणाऱ्याला धुराड्यातून जवळजवळ काहीच निघताना दिसत नाही, आणि लोक समाधान मानतात.

परंतु दहा किलो गंधकवायू डोळ्यांना दिसत नाही. सापळा त्याला अडवीत नाही, कारण तो कण नव्हे. हवेत गेल्यावर त्याचे हळूहळू गंधकाम्ल होते. शेतातील खत आणि गुराढोरांचे मलमूत्र यांतून निघणारा अमोनिया त्याला भेटतो आणि अमोनियम सल्फेट या क्षाराचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. दहा किलो वायूचे संपूर्ण रूपांतर झाले तर या क्षाराचे वजन वीस किलोंहून थोडे अधिक भरेल. अर्थात रूपांतर संपूर्ण होत नाही. बराच वायू माती, पाणी आणि झाडांची पाने शोषून घेतात. तरीही चौथा हिस्सा वायू जरी या मार्गाने गेला, तरी पाच किलो सूक्ष्म धूळ होते. धुराड्यातून निघालेली राख तीनशे ग्रॅम, आणि वाटेत हवेतच जन्मलेली धूळ पाच किलो! गंधकवायू हा उद्याची धूळच होय, हे या हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

मित्र की शत्रू?

आता राखेच्या कणाकडे वळू. राख ही आपल्याकडे निरुपयोगी वस्तू कधीच नव्हती. देवळातील भस्म, राखेच्या बुधवारी ख्रिस्ती भाविकांच्या कपाळी उमटणारा क्रूस, आणि घरोघर भांडी घासावयाची ओंजळभर राख, अशी तिची नाना रूपे आहेत. यांपैकी भांडी घासण्याच्या राखेत एक रसायनशास्त्र दडलेले आहे. लाकडाच्या राखेत क्षार असतात. ते तेलकटपणा आणि आंबटपणा दोन्ही मारतात. क्षार आणि आम्ल एकमेकांना भेटले की एकमेकांचा जोर नाहीसा करतात.

कोळशाच्या राखेतही काही अंशी चुना असतो. गंधकवायू, प्राणवायू आणि चुना यांचा संयोग झाला की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समच्याच कुळातील एक निरुपद्रवी पदार्थ, तयार होतो. या दृष्टीने राख ही गंधकाची स्वाभाविक शत्रू आणि माणसाची मित्र ठरावयास हवी. मग ती हे काम का करीत नाही?

कारणे दोन. पहिले असे की गोंडवाना कोळशाच्या राखेत चुना थोडा, आणि वाळू व चिकणमाती यांचेच घटक फार. दुसरे कारण उष्णतेचे. पूड जाळणाऱ्या भट्टीत ज्वाळेचे तापमान १,३०० ते १,५०० अंशांपर्यंत चढते. इतक्या उष्णतेत राखेचे कण वितळून काचेच्या गोळ्यांसारखे होतात आणि त्यांतील चुना त्या काचेत कोंडला जातो. शिवाय तयार झालेले कॅल्शियम सल्फेटही अशा तापमानाला टिकत नाही; ते पुन्हा फुटून वायू मोकळा होतो. परिणामी सामान्य दगडी कोळशातील शेकडा ९५ च्या सुमारास गंधक वायुरूपाने निसटते आणि राखेत अडकते ते फार थोडे. चुन्याचा अंश अधिक असलेल्या काही लिग्नाइटच्या राखेत मात्र शेकडा वीस किंवा त्याहून अधिक गंधक अडकून राहते. म्हणजे राखेचा गुण खोटा नाही. तिला अनुकूल स्थिती मिळत नाही, इतकेच.

आता नाण्याची दुसरी बाजू. राखेत लोहाचे ऑक्साइडही असते. धूर भट्टीतून निघून थंड होत असताना हे लोह मध्यस्थाचे काम करते. स्वतः न बदलता गंधकवायूच्या अल्पशा भागाला आणखी एक प्राणवायूचा अणू जोडून देते. हा नवा पदार्थ पाण्याच्या वाफेशी मिळाला की थेट गंधकाम्ल होते, आणि धूर आणखी निवताच ते जवळच्या कणांवर दवासारखे जमते. पुढे धुके पडले म्हणजे त्याच्या थेंबांत विरघळलेले लोह आणि मँगनीज हेच काम अधिक वेगाने करतात. जी राख चुन्याच्या रूपाने गंधकाला बांधू पाहते, तीच लोहाच्या रूपाने त्याला अधिक तीव्र करून सोडते.

लहान कणाचे मोठे अंग

यात कणाच्या आकाराला फार महत्त्व आहे. एक मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा खडा घेऊन त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे एकेका मायक्रॉनचे, चौकोनी तुकडे केले, तर वजन तेवढेच राहते, पण पृष्ठभाग हजार पटींनी वाढतो. वायू जमतो तो पृष्ठभागावर. म्हणून तेवढ्याच वजनाच्या बारीक राखेवर जाड राखेपेक्षा कितीतरी अधिक आम्ल चढते. आर्सेनिक, सेलेनियम यांसारखे भट्टीत वाफ होऊन जाणारे विषारी पदार्थही थंड होताना बारीक कणांवरच दाटीने बसतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९७४ सालीच दाखवून दिले.

दुर्दैव असे की स्थिर विजेच्या सापळ्यातून निसटण्यात पटाईत असलेले कण ते हेच. मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून एका मायक्रॉनपर्यंतचे कण धरणे त्याला सर्वांत अवघड जाते. शेकडा ९९.९ हा आकडा वजनाचा आहे, कणांच्या संख्येचा नव्हे. निसटलेल्या तीनशे ग्रॅममध्ये बारीक कणांचाच भरणा अधिक असतो, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या शेवटच्या पोकळीपर्यंत पोहोचणारे कणही तेच. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवितात. एकटा गंधकवायूही पाण्यात चटकन विरघळणारा असल्यामुळे बराचसा नाका-घशातच शोषला जातो. परंतु आम्लाचा लेप घेतलेला सूक्ष्म कण त्याला आत, जेथे तो एकटा क्वचितच गेला असता तेथे, वाहून नेतो.

येथे आणखी एक गुंता आहे. गंधक थोडे असणे ही सर्वस्वी सोयीची गोष्ट असेल असे वाटते. पण राखेच्या कणावर गंधकाम्लाचा अत्यल्प लेप असला तर त्यातून वीज वाहू शकते आणि सापळा नीट चालतो. लेप अगदीच नसला तर राख विजेला कमालीचा अडथळा करते, पत्र्यावर भार साचून राहतो आणि धरलेली राख पुन्हा उसळते. म्हणूनच कमी गंधकाच्या कोळशाची राख धरण्यास सापळे अधिक मोठे बांधावे लागतात, आणि काही केंद्रांत धुरात मुद्दाम अल्प प्रमाणात सल्फर ट्रायॉक्साइड किंवा अमोनिया सोडावा लागतो. राख आणि गंधक यांचा संसार असा एकमेकांत गुंतलेला आहे.

लंडनचे पाच दिवस

या युतीचा सर्वांत भयंकर अनुभव लंडनने घेतला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत वारा पडला, धुके दाटले आणि घराघरांतल्या कोळशाच्या चुलींचा धूर शहरावर कोंडला. सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली; पुढील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता की मारक कोण, काजळी की गंधकवायू? उत्तर असे मिळाले की दोघांच्या संगतीला धुक्याचा ओलावा मिळाला आणि थेंबाथेंबांत आम्ल तयार झाले.

या अनुभवाचे प्रतिबिंब कायद्यातही पडले. १९८० साली युरोपीय समुदायाने जे नियम केले त्यांत गंधकवायूची वार्षिक मर्यादा एकच नव्हती. जेथे हवेत काजळी थोडी तेथे घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम, आणि जेथे काजळी अधिक तेथे केवळ ८०. धूळ अधिक असेल तर तेवढाच वायू अधिक घातक, ही गोष्ट त्या नियमकर्त्यांनी मान्य केली होती.

माळव्यात लंडनचे धुके नाही हे खरे. तेथील काळ्या मातीच्या धुळीत चुना पुष्कळ आहे, आणि आपल्या देशात पावसाचे पाणी युरोपाइतके आंबट न होण्याचे एक मोठे कारण अशी धूळच होय. मातीच्या जाड कणावर जे गंधक बसते ते लवकर जमिनीवर येते. परंतु अमोनियाशी मिळून झालेला बारीक क्षार हवेत कित्येक दिवस तरंगतो आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतो. हिवाळ्यातील रात्री पठारावर थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो. तेव्हा जवळच्या बुटक्या धुराड्यांचा धूर आणि दुरून आलेली ही धूळ दोन्ही त्या थरात एकत्र येतात.

दहा किलोमीटरचे वर्तुळ

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांना गंधकवायूची मर्यादा प्रथमच घालून दिली. ती पाळावयाची तर धूर चुनखडीच्या पाण्याने धुणारी यंत्रणा बसवावी लागे. मुदत दोन वर्षांची होती. ती पुनःपुन्हा वाढत गेली. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने केंद्रांचे तीन वर्ग पडले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीची शहरे यांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांना ही मर्यादा बंधनकारक राहिली; अतिप्रदूषित भाग आणि हवा मर्यादेत नसलेली शहरे यांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हावयाचा; आणि उरलेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना धुराड्याच्या उंचीच्या अटीवर सूट मिळाली.

सुटीच्या बाजूची कारणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. आपल्या कोळशात गंधक थोडे आहे, बहुतेक शहरांत मोजलेला गंधकवायू मर्यादेच्या आत आहे, यंत्रणा महाग आहे, आणि चुनखडी वापरली की कार्बन डायॉक्साइडही बाहेर पडतो. परंतु यांतील दुसरे कारण बारकाईने पाहिले पाहिजे. शहरातील यंत्र वायू मोजते. वायूचा जो भाग वाटेत क्षाराचा कण झाला, तो वायूच्या रकान्यातून निघून धुळीच्या रकान्यात जातो. वायूचा आकडा त्यामुळे चांगला दिसतो; धुळीचा वाढतो, आणि ती धूळ रस्त्याची म्हणून मोजली जाते. देवासचे नाव यादीत आहे; पण सिंगाजी आणि सेल्दा ही केंद्रे देवासच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर आहेत. वर्तुळ नकाशावर काढता येते, वाऱ्यावर काढता येत नाही. उंच धुराड्याने शेजारच्या गावाला दिलासा मिळतो, तो दूरच्या गावाच्या खर्चाने.

उपाय अज्ञात नाहीत. डहाणूच्या ५०० मेगावॉट केंद्रात २००७ पासून समुद्राच्या पाण्याने धूर धुतला जाऊ लागला. त्या पाण्यातील स्वाभाविक क्षारांनीच गंधकाम्ल मारले जाते. भोवतालच्या चिकूच्या बागा आणि नाजूक परिसर यांसाठी नागरिकांनी धरलेल्या आग्रहाचे ते फळ होते. माळव्यात समुद्र नाही. तेथे चुन्याचाच मार्ग. लहान कारखान्यांच्या भट्टीत कोळसा हवेच्या झोतावर खेळवीत सुमारे ८५० अंशांवर जाळला आणि त्यात चुनखडीची भुकटी मिसळली, तर गंधकाचा फार मोठा भाग, शेकडा ९० पर्यंतही, राखेतच बांधला जातो. कारण या तापमानाला कण वितळत नाहीत आणि चुना मोकळा राहतो. धूर कापडी पिशव्यांच्या गाळणीतून नेला आणि वाटेत चुन्याची पूड उडविली, तर पिशवीवर बसलेला राख-चुन्याचा थर बारीक कणही अडवितो आणि वायूही शोषतो. ज्वाळेत शत्रू झालेला सूक्ष्म कण येथे पुन्हा मित्र होतो.

मात्र पकडलेले गंधक नाहीसे होत नाही, हेही विसरून चालणार नाही. २०२५ च्या पूर्वार्धात पीथमपूर येथे भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जाळण्यात आला. तो कोळसा नव्हता. परंतु त्या कामात चुना वापरला गेला आणि उरलेल्या राखेचे वजन मूळ कचऱ्याहून बरेच अधिक भरले. ती राख कोठे ठेवावी हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. हवेतून काढलेली वस्तू जमिनीवर सांभाळावी लागते, हा धडा धार जिल्ह्याला अशा रीतीने घराजवळच मिळाला.

या सर्वांतून नागरिकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. धुराडे काळे ओकत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. धुळीचे वजन किती, याबरोबरच ती धूळ कशाची बनली आहे, तिच्यात सल्फेट किती आहे, हेही देवाससारख्या शहरात नियमाने मोजले जावे आणि लोकांना सांगितले जावे. कारखानदारांना राख आणि गंधक यांचा हिशेब एकत्र मागावा. दोन रकान्यांत वाटून दाखविलेले हे संकट श्वास घेणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात एकच असते.